डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या द्रवाला ‘पदार्थाची अवस्था’ का म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या त्वरकांमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांमध्ये) सोन्याची किंवा शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली की ‘क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा’ (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते क्वार्क आणि त्यांना जोडून ठेवणारे ग्लुऑन) नावाची नवीच अवस्था तयार होते, असं वाचनात येतं. ती डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी नाहीशी होते आणि कोणी पाहिलेली नाही. मग तिला ‘पदार्थाची अवस्था’ म्हणणं अतिशयोक्ती नाही का? शिवाय बातमीत कधी प्लाझ्मा म्हणतात, कधी ‘परिपूर्ण द्रव’. नक्की काय? आणि हे प्रयोग धोक्याचे नाहीत ना?

शंका रास्त आहे. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनीही ती बरीच वर्षं स्वतःला विचारली. एका सेकंदाचे एकावर तेवीस शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातले तीन-चार तुकडे एवढंच या पदार्थाचं आयुष्य. पण आपल्या सेकंदाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. प्रश्न असा विचारायचा की तेवढ्या वेळात आतल्या कणांना एकमेकांशी देवाणघेवाण करून आपापली जुनी ओळख विसरायला फुरसत मिळते का? प्रोटॉन ओलांडायला प्रकाशाला असा सुमारे अर्धा तुकडा लागतो. म्हणजे आतल्या घड्याळाने पाहिलं तर हे आयुष्य सहा-सात ठोक्यांचं आहे. हे काही फार ऐसपैस नाही. त्यामुळे ‘अवस्था’ हा शब्द वापरायचा असेल तर पुरावा दाखवावाच लागतो, नुसत्या युक्तिवादावर भागत नाही.

आधी घडतं काय ते सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन प्रयोगशाळा आहे. तिथल्या आरएचआयसी या त्वरकाला (आम्ही सगळे ‘रिक’च म्हणतो) ३.८ किलोमीटर घेराचं कडं आहे. २००० सालापासून तिथे सोन्याच्या टकरी घडवल्या गेल्या. प्रत्येक केंद्रकात १९७ प्रोटॉन-न्यूट्रॉन, वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के. समोरासमोर नेमकी टक्कर झाली तर सुमारे पाच हजार विद्युतभारित कण बाहेर पडतात. जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या त्वरकामध्ये २०१० च्या नोव्हेंबरपासून शिशाची केंद्रकं आदळतात आणि तिथे ऊर्जा कितीतरी पट जास्त असते.

टकरीनंतर पहिल्या क्षणी मधल्या भागात ऊर्जा किती दाटते? साध्या अणुकेंद्रकात असते त्याच्या तीसपट किंवा त्याहून जास्त. प्रोटॉन-न्यूट्रॉन इतके एकमेकांत घुसतात की हा क्वार्क कोणत्या प्रोटॉनचा, या प्रश्नालाच अर्थ उरत नाही. १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी दाखवलं होतं की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ येतील तितकं त्यांच्यातलं बल सैल पडतं. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. त्यावरून लगेच, १९७५ मध्येच, काहींनी म्हटलं की पुरेशी उष्णता किंवा पुरेसा दाब दिला तर क्वार्क मोकळे व्हायला हवेत. ‘क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा’ हे नाव शुर्याक यांनी १९७८ मध्ये दिलं. अपेक्षा अशी की हा जवळजवळ वायूसारखा असेल. कण सुटे, बलं क्षीण, गणित सोपं. ही अपेक्षा पुढे सपशेल चुकली, आणि त्यातूनच या विषयाला खरी रंगत आली.

संगणकावर अवकाश-काळाची जाळी मांडून केलेल्या गणितातून (लॅटिस क्यूसीडी) आज हे बऱ्यापैकी नक्की झालंय की प्रोटॉन-न्यूट्रॉनचं विरघळणं १५६-१५७ एमईव्हीच्या आसपास होतं (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक, आम्ही तापमानही त्यातच सांगतो). अंशांत सांगायचं तर सुमारे १.८ लाख कोटी. आपल्याकडे लाख कोटी म्हटलं की अर्थसंकल्पच आठवतो, पण इथे ते केल्विन आहेत. आणि पाणी शंभर अंशांना उकळतं तसा हा बदल एका ठरावीक बिंदूवर एकदम होत नाही. लोणी हळूहळू पातळ होत जावं तसा तो सरकत सरकत होतो.

आता तापमान लाख कोटी म्हटलं की लोक दचकतात, म्हणून धोक्याचा प्रश्न इथेच उरकतो. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी. एलएचसीमधल्या शिशाच्या एका टकरीची एकूण ऊर्जा एवढी कमी असते की एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायचं तर अशा पंचवीसेक हजार टकरींची झाडून सगळी ऊर्जा लागेल. १९९९ मध्ये, रिक सुरू होण्याच्या तोंडावर, यातून कृष्णविवर किंवा ‘स्ट्रेंजलेट’ नावाचा पदार्थ बनून पृथ्वी गिळंकृत होईल अशी भीती पसरली होती. प्रयोगशाळेने भौतिकशास्त्रज्ञांची समिती नेमून तिचा लेखी निकाल घेतला. त्यातला मला सगळ्यात पटणारा मुद्दा चंद्राचा. त्याच्यावर वातावरण नाही, आणि विश्वकिरणांमधली लोखंडासारखी जड केंद्रकं अब्जावधी वर्षं त्याच्यावर थेट आदळताहेत. चंद्र जागेवर आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ‘द्रव’ हे कशावरून?

दोन केंद्रकं दरवेळी नेमकी समोरासमोर येत नाहीत, बहुतेकदा थोडी सरकलेली असतात. दोन वर्तुळं अर्धवट एकमेकांवर आली की मधला सामाईक भाग बदामी आकाराचा होतो, एका दिशेने अरुंद आणि दुसरीकडे लांबट. सगळी धुमश्चक्री या बदामात. त्याच्या बाहेर राहिलेले प्रोटॉन-न्यूट्रॉन, ज्यांना आमच्या बोलीत ‘स्पेक्टेटर’ म्हणतात, ते आपल्या वाटेने सरळ निघून जातात.

समजा, या बदामात फक्त शेकडो सुट्या टकरी झाल्या आणि कोणाला कोणाचा पत्ता नाही. मग बाहेर येणारे कण सगळ्या दिशांना सारखेच उडतील, कारण एखाद्या टकरीला आपण बदामात आहोत की गोलात, हे कळायचं काही कारणच नाही. पण आतला पदार्थ सलग असेल, त्याला दाब असेल, तर गोष्ट बदलते. मध्यभागी दाब सर्वात जास्त आणि काठाला शून्य. अरुंद बाजूला हा उतार थोडक्या अंतरात संपतो, लांब बाजूला सावकाश. उतार तीव्र तिकडे ढकलणं जास्त. म्हणजे बदाम ज्या दिशेने अरुंद, त्याच दिशेने कण जास्त संख्येने आणि जास्त जोराने निघणार. जागेतला लांबटपणा वेगांमध्ये उमटतो, तोही नव्वद अंशांनी फिरून.

याला एलिप्टिक फ्लो म्हणतात आणि तो ‘व्ही-टू’ या आकड्याने मोजतात. मध्यम सरकलेल्या टकरींमध्ये, थोड्या जास्त संवेगाच्या कणांसाठी हा आकडा ०.२ च्या आसपास जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सूत्रात तो दुप्पट होऊन बसतो. सरासरी १ धरली तर एका दिशेला १.४ आणि काटकोनातल्या दिशेला ०.६ कण. दुपटीहून जास्त फरक! एवढा परिणाम नजरचुकीने किंवा आकडेमोडीच्या फटीतून येत नाही. २००० मध्ये रिकच्या पहिल्याच विदेत तो दिसला आणि द्रवगतिकीच्या, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाला लावतो त्याच जातीच्या समीकरणांच्या उत्तराच्या जवळ जाऊन बसला. वायू धरून केलेली गणितं फारच खाली पडत होती.

हे मोजताना हात कसे भाजतात तेही सांगायला हवं, कारण विश्वास इथूनच बसतो. बदाम कोणत्या दिशेला झुकलाय हे कोणी आपल्याला सांगत नाही. ते बाहेर पडलेल्या कणांवरूनच ठरवावं लागतं, आणि तो अंदाज कधीच अचूक नसतो, म्हणून त्याची दुरुस्ती करावी लागते. त्याहून मोठी भानगड डिटेक्टरची. कणांचे मार्ग टिपणाऱ्या टीपीसीचा एखादा भाग त्या दिवशी बंद असला की त्या बाजूने कण कमी दिसतात, आणि नसलेला व्ही-टू कागदावर उभा राहतो. यावर तपासणी साधी आहे. निसर्गात बदामाची दिशा दर टकरीला वाटेल तशी असते, तेव्हा लाखो टकरी घेतल्या की दिशांचा आलेख सपाट यायला हवा. त्यात उंचवटा दिसला तर तो यंत्राचा. नव्या विद्यार्थ्याने सुंदर व्ही-टू आणून दाखवला की मी आधी हा सपाट आलेख मागतो.

तरी एक संशय उरतो. एक कण फुटून त्याचे दोन झाले, तर ते दोघं जोडीने एकाच बाजूला जातील. त्यात प्रवाह कसला? म्हणून दोनच्या ऐवजी चार कणांचा एकत्र संबंध पाहतात, मग सहांचा, मग आठांचा. जोडीपुरती असलेली नाती अशा हिशेबात गळून पडतात. एलएचसीवर चार, सहा आणि आठ कणांवरून काढलेले आकडे जवळजवळ एकच येतात. म्हणजे कण जोड्या-जोड्यांनी चाललेले नाहीत, सगळा जमाव एका आकाराला प्रतिसाद देतोय. तुमच्या ‘अवस्था का म्हणायचं’ या प्रश्नाला माझं उत्तर द्यायचं झालं तर ते हे आहे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट. तीन क्वार्कचे प्रोटॉन आणि दोन क्वार्कचे पायॉन यांचे व्ही-टू वेगवेगळे असतात, पण प्रत्येकाला त्याच्या क्वार्कसंख्येने भागलं (आणि त्याचा संवेगही तसाच भागून घेतला) की ते बऱ्यापैकी एका रेषेवर येतात. प्रवाह क्वार्क सुटे असतानाच उभा राहिला आणि प्रोटॉन नंतर जमले, असाच याचा सरळ अर्थ लागतो.

आणि व्ही-थ्री, म्हणजे तिहेरी नक्षीचा आकडा! हा किस्सा मला फार आवडतो. बदाम सममित असतो, तेव्हा तिहेरी नक्षी यायलाच नको, असं सगळे धरून चालले होते. विदेत मात्र कणांच्या जोड्यांमध्ये विचित्र दुहेरी उंचवटा दिसे. वेगवान क्वार्क द्रवातून जाताना ध्वनीचा शंकू उठवतो, असा त्याचा अर्थ लावून कितीतरी शोधनिबंध निघाले. २०१० मध्ये अल्व्हर आणि रोलंड यांनी दाखवलं की केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन काही आखून बसवलेले नसतात. दर टकरीला त्यांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे बदाम वेडावाकडा, कधी जवळजवळ त्रिकोणी. तो त्रिकोण प्रवाहात उमटतो आणि उंचवट्याचा उलगडा होतो. शंकूची मोहक कल्पना बाजूला पडली. द्रव मात्र आणखी भक्कम झाला, कारण सुरुवातीच्या एवढ्याशा खाचाखोचासुद्धा तो शेवटपर्यंत जपून नेतो. चिकट पदार्थ त्या पुसून टाकतो.

‘परिपूर्ण’ हे विशेषण इथूनच आलं. १८ एप्रिल २००५ रोजी रिकच्या चारही प्रयोगांनी मिळून हा वायू नसून जवळजवळ परिपूर्ण द्रव आहे असं जाहीर केलं. पण या शब्दाने बराच गोंधळ घातलाय. लोकांना वाटतं की हा पाण्यापेक्षाही पातळ. तसं अजिबात नाही. श्यानता, म्हणजे चिकटपणा, नेहमीच्या एककांत काढला तर तो डांबरापेक्षाही कितीतरी जास्त निघतो. पण हा पदार्थ इतका दाट आणि इतका तापलेला आहे की नुसत्या चिकटपणाला अर्थ राहत नाही. चिकटपणा भागिले एन्ट्रॉपीची (म्हणजे अव्यवस्थेच्या मापाची) घनता, हे गुणोत्तर पाहायचं. पाण्यासाठी ते मोठं येतं, द्रव हेलियमसाठी कमी, आणि या प्लाझ्मासाठी आजवर मोजलेल्या सगळ्यांत कमी म्हणावं असं. २००५ मध्येच कोव्तुन, सॉन आणि स्टारिनेट्स यांनी स्ट्रिंग सिद्धांतातून या गुणोत्तराला एक किमान मर्यादा सुचवली: १ भागिले ४π, म्हणजे सुमारे ०.०८. प्लाझ्माचा आकडा त्या मर्यादेच्या एक ते तीन पटींत येतो.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट ध्यानात घ्या. कण एकमेकांशी जितके कमी भिडतील, तितके ते आपला संवेग दूरवर वाहून नेतात आणि प्रवाहाच्या थरांमध्ये घर्षण वाढतं. म्हणजे सैल वायू या अर्थाने जास्त ‘चिकट’, आणि गच्च भिडलेला पदार्थ कमी. प्लाझ्मातले क्वार्क मोकळे झालेत खरे, पण एकमेकांना सोडत नाहीत. तुमच्या ‘प्लाझ्मा की द्रव’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बांधलेले नाहीत म्हणून प्लाझ्मा, भिडण्याचं अंतर अगदी कमी म्हणून द्रव. दोन्ही नावं बरोबर.

गंमत म्हणजे २००२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लिथियमचे अणू निरपेक्ष शून्य तापमानाच्या अगदी जवळ थंड करून लांबट सापळ्यात धरले आणि सापळा उघडला, तेव्हा तेही अरुंद बाजूनेच जोरात पसरले. जगातला सर्वात तापलेला आणि सर्वात थंड द्रव, वागणूक तीच.

बाकीचे पुरावे भराभर सांगतो. टकरीत एखादा फार वेगवान क्वार्क सुटला की त्याच्या मागे कणांचा झोत, म्हणजे जेट, तयार होतो. संवेग राखला जायचा म्हणून जेट जोडीने, पाठीला पाठ लावून निघतात. २०१० मध्ये एलएचसीवरच्या ॲटलस प्रयोगाच्या शिशाच्या पहिल्याच विदेत अशा कितीतरी टकरी दिसल्या की एका बाजूला दणदणीत जेट आणि समोरचा अर्धामुर्धा, त्याची ऊर्जा वाटेतल्या पदार्थाने खाल्लेली. यावर कोणी म्हणेल की केंद्रकातच काही गडबड असेल. तर २००३ मध्ये रिकवर ड्युटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचं छोटं केंद्रक) आणि सोन्याची टक्कर मुद्दाम हीच शंका फेडायला केली होती. तिथे प्लाझ्मा अपेक्षित नव्हता आणि जेट शाबूत निघाले. शिवाय फोटॉनला, म्हणजे प्रकाशकणाला, रंगभार (क्वार्कमधलं बल ज्याच्यावर चालतं तो भार) नसतो, त्याला हा पदार्थ अडवत नाही, आणि शिशाच्या टकरींतही फोटॉन बिनबोभाट बाहेर येतात. चार्म जातीचा क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांच्या जोडीने बनलेल्या जे-साय या कणाचं विरघळणं मात्सुई आणि सात्झ यांनी १९८६ मध्ये भाकीत केलं होतं. ते दिसलं, पण एलएचसीवर मोकळे चार्म क्वार्क इतके असतात की काही जे-साय नव्याने जुळतात, त्यामुळे हा पुरावा आता वाटतो तेवढा सरळ राहिलेला नाही.

तापमानाबद्दल एक सावधगिरी. रिकवरच्या फिनिक्स प्रयोगाने २०१० मध्ये फोटॉनवरून सुमारे २२० एमईव्ही आणि एलएचसीवरच्या ॲलिस प्रयोगाने २०१२ मध्ये सुमारे ३०० एमईव्ही काढलं, आणि ‘तापमानाचा विक्रम’ अशा बातम्या आल्या. हा आकडा थर्मामीटरचं वाचन नाही. प्लाझ्माच्या सगळ्या आयुष्यातले फोटॉन त्यात मिसळलेले असतात, थंड होतानाचेसुद्धा. आणि पदार्थ वेगाने बाहेर फेकला जात असल्याने त्यांची ऊर्जा चढलेली दिसते. सुरुवातीचं खरं तापमान मॉडेल वापरूनच काढावं लागतं.

भारताचा यात हात आहे आणि तो केवळ नावापुरता नाही. फोटॉन मोजणारा पीएमडी हा डिटेक्टर कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने बनून आधी रिकवरच्या स्टार आणि मग ॲलिस प्रयोगात बसला. मुंबईचं बीएआरसी फिनिक्समध्ये होतं, आयआयटी मुंबईचा गट ॲलिसमध्ये आहे. आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या सौरेंदु गुप्ता यांनी बेदांगदास मोहंती आणि इतरांसोबत २०११ मध्ये लॅटिसचं गणित थेट रिकच्या प्रोटॉन-संख्येतल्या चढउतारांशी ताडून अवस्थांतराचं तापमान मोजपट्टीवर आणलं. मला ते काम फार मोलाचं वाटतं, कारण तोवर सिद्धांत आणि विदा एकमेकांकडे लांबूनच बघत होते.

उरलेल्या प्रश्नांपैकी एक म्हणजे क्रांतिक बिंदू. कमी ऊर्जेच्या टकरींमध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉनची दाटी वाढते. तिथे हे सरकत होणारं अवस्थांतर पाण्याच्या उकळण्यासारखं एकदम होऊ लागतं का, आणि ती सीमा कुठे सुरू होते? रिकने टकरींची ऊर्जा टप्प्याटप्प्याने उतरवत याचाच शोध घेतला. अजून निर्विवाद खूण सापडलेली नाही. जर्मनीत डार्मश्टाटला ‘फेअर’ त्वरक याच कामासाठी उभा राहतोय, त्यात भारत भागीदार आहे.

दुसरा प्रश्न तुमच्या मूळ शंकेलाच हात घालतो, म्हणून तो मला जास्त अस्वस्थ करतो. २०१० मध्ये एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाने नुसत्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींमध्येही, कण खूप निघाले तेव्हा, प्रवाहासारखी खूण पाहिली. मग प्रोटॉन आणि शिशाच्या टकरींत ती आणखी ठळक दिसली. फिनिक्सने सोन्यावर प्रोटॉन, ड्युटेरॉन आणि हेलियम-३ असे तीन वेगळ्या आकारांचे मारे करून दाखवलं की प्रवाह सुरुवातीच्या आकारामागे जातो. २०१७ मध्ये ॲलिसला छोट्या टकरींत ‘स्ट्रेंज’ जातीच्या क्वार्कचे कणही वाढलेले दिसले. म्हणजे मूठभर कणांचाही द्रव होतो? मग अवस्था म्हणायला किती कण लागतात? गोची अशी की प्रोटॉन-शिशाच्या टकरींत जेटची ऊर्जा गमावलेली काही दिसत नाही. द्रव असेल तर त्याने जेटला अडवायला हवं. ‘थेंब इतका छोटा की जेट निसटतो’ हे उत्तर तोंडावर आहे, पण ते तपासायला मधल्या आकाराची केंद्रकं हवीत. म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये एलएचसीने ऑक्सिजन आणि निऑनची केंद्रकं आदळली. ऑक्सिजनमध्ये फक्त १६ प्रोटॉन-न्यूट्रॉन, निऑनमध्ये २०, आणि निऑनचं केंद्रक गोल नसून लांबट. दोन्हींच्या व्ही-टूचं गुणोत्तर घेतलं की द्रवाच्या गुणधर्मांबद्दलची बरीच अनिश्चितता खोडली जाते आणि मुख्यतः आकाराचा परिणाम उरतो. जेट किती मंदावतात, हेही त्याच विदेवरून तपासता येतं.